चार डिग्रीवरचे मामा

सर्व जनतेस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके मिळून उरलेल्या अन्नाविषयी अधिकाराने बोलू शकेल असा एकच माणूस जन्माला आला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा थोरला मामा निघाला. यात माझा काही दोष नाही. लग्न ठरवताना मुलीचं शिक्षण सांगतात, घरची शेती सांगतात. मामाच्या सदऱ्याच्या खिशात पेनाच्या जागी थर्मामीटर असतो, हे कुणी सांगत नाही.

मामा पिंपळवंडीचे. दुधाच्या शीतकरण केंद्रावर त्यांची सगळी नोकरी गेली. गावोगावचं दूध तिथे यायचं आणि चार डिग्रीवर आणून टँकरमध्ये भरलं जायचं. दूध चारच्या वर रेंगाळलं की मामांच्या कपाळावर आठ्या पडत. निवृत्त झाले तेव्हा दूध सुटलं, आठ्या तशाच राहिल्या, आणि त्या घेऊन मामा घरच्या स्वयंपाकघरात शिरले. मामींच्या मते त्यांना आणखी दहा वर्षं कामावर ठेवायला हवं होतं.

मामांचा कायदा सोपा होता. शिजलेलं अन्न दोन तासांच्या वर उघड्यावर राहता कामा नये, उन्हाळ्यात तर एकच तास. पातेलंभर कालवण तसंच फ्रीजमध्ये ढकलायचं नाही. पसरट डब्यांत काढायचं, म्हणजे लवकर निवतं, आणि डब्यावर वेळ लिहायची. खाताना लागेल तेवढंच बाहेर घ्यायचं, मधूनमधून ढवळत चांगलं रटरटू द्यायचं, आणि एकदा तापवलेलं पुन्हा आत ठेवायचं नाही. "नुसतं कोमट करून खानं म्हंजी किड्यांना आंघोळीचं पानी तापवून देनं!" असं ते म्हणत, आणि जेवणाऱ्याचा घास हातातच राही. मी एकदा वाद घातला, म्हटलं, मामा, उकळलं की सगळे जंतू मेले, मग काळजी कसली? मामांनी माझ्याकडे अडाणी जनावराकडे बघावं तसं पाहिलं. "पावणं, चोर मारला म्हनून त्यानं पेरलेलं इख जातं का? काही इख उकळूनबी मरत न्हाई."

भाकरीवर मात्र त्यांचा विलक्षण जीव. शिळी भाकरी ताज्या ताकात कुस्करून ते रोज सकाळी खात आणि वर समर्थन देत, "ती कोरडी हाय, तिला समदं माफ." भारनियमनाची वर्षं आली तेव्हा तर त्यांच्या प्रतिभेला बहर आला. त्यांनी फ्रीजरमध्ये वाटीभर पाण्याचा बर्फ केला आणि त्यावर चार आण्याचं नाणं ठेवलं. बाहेरगावाहून आले की चपला काढायच्या आधी फ्रीजर उघडत. नाणं वर असेल तर ठीक. बर्फात बुडालेलं असेल, तर आपल्या माघारी वीज लांब गेली होती, बर्फ वितळून पुन्हा धरला, हे सिद्ध. मग आतल्या अन्नाची रवानगी उकिरड्यावर. शेजारची म्हैस या कायद्यावर फार खूश होती.

हे घरात चालून गेलं. पण मामा थर्मामीटर घेऊन लोकांकडेही जात. डिंगोऱ्याचं एक स्थळ त्यांच्या एकुलत्या एका लेकीला, शैलाला, चालून आलं होतं. मामा घर बघायला गेले आणि पंगतीत यजमानांच्या रश्श्यात थर्मामीटर बुडवून म्हणाले, "पंचावन्न. अजून चढू द्या." स्थळ तिथेच उतरलं. मामी महिनाभर त्यांच्याशी फक्त भांड्यांच्या आवाजात बोलल्या.

म्हणून मंचरकडच्या कांदा व्यापाऱ्याचं स्थळ आलं, बैठक ठरली, तेव्हा मामींनी सकाळीच खिशातून थर्मामीटर काढून घेतला आणि देव्हाऱ्यासमोर शपथ घ्यायला लावली. "आज एक अक्षर बोलायचं न्हाई. हे बी मोडलं ना, तर पोरगी जल्मभर तुमच्या डब्यांवर येळ लिहीत बसंल." मामांनी मान हलवली. शैलाचं वय वाढत होतं, ते त्यांनाही दिसत होतंच.

पाहुणे अकराला यायचे होते. महामार्गावर मंचरलाच गाड्या तुंबल्या आणि मंडळी टेकली अडीचला. दिवस वैशाखाचे, वीज सकाळपासून गेलेली. रस्सा चुलीवर अखंड रटरटत होता, मासवड्या ऐनवेळी थापल्या, भाकऱ्या तव्यावरून थेट पानात. त्यांचं काही नव्हतं. पण शेवयांची खीर सकाळी नऊला झाली होती आणि तेव्हापासून भल्या मोठ्या पातेल्यात ओट्यावर बसली होती. बैठकीचं गोड तेच. ते खाल्ल्याशिवाय सोयरीक पक्की कशी म्हणायची?

मी मामांच्या शेजारीच बसलो होतो. जेवणं होत आली तशी त्यांची मांडी हलायला लागली. मी हळूच म्हटलं, "मामा, शपथ." ते घाम पुसत पुटपुटले, "साडेसहा तास, पावणं. साडेसहा तास." पण बोलले नाहीत. आयुष्यभर ज्यांनी गावाची पातेली अडवली, ते मामा लेकीसाठी खाली मान घालून पत्रावळीकडे बघत बसले होते. मला त्यांची इतकी दया कधीच आली नव्हती.

खीर वाढायला शैलालाच पाठवलं होतं. ती मुलाच्या वडिलांसमोर वाकली, डाव भरला, आणि तिची नजर बापाकडे गेली. बापाने वर पाहिलंच नाही. तिने डाव पुन्हा पातेल्यात सोडला आणि सरळ उभी राहिली.

"ही खीर नऊची हाय," ती म्हणाली. "मी न्हाई वाढनार."

मामी दारात मटकन बसल्या. मुलाची आत्या म्हणाली, "अगं बया, पोरीला लईच तोंड हाय की!" मुलगा शैलाकडे बघतच राहिला होता. मुलाचे वडील हात धुवायला उठले आणि आम्हाला वाटलं, चालले. मीही मनातल्या मनात मामांना दोन शिव्या घातल्या. ते गृहस्थ हात पुसत परत आले नि पुन्हा पाटावर बसले.

"तोंड हाय, ते बरंच हाय," ते आपल्या बहिणीला म्हणाले. मग मामांकडे वळले, "राव, आमच्या थोरल्याच्या बैठकीत असं कुनी बोललं असतं, तर अख्खं वऱ्हाड सलाइनवर गेलं नसतं. गूळ हाय का घरात? गुळाला काय टायम लागतो?"

गूळ आला. खडा तोंडात टाकून सोयरीक पक्की झाली. मामा तेवढ्यात परसात निघून गेले आणि बऱ्याच वेळाने डोळे धुऊन आले. खीर म्हशीच्याही वाट्याला आली नाही. मामांनी खड्डा खणून पुरली.

लग्न झालं. पुढे दोनेक महिन्यांनी मी सहज पिंपळवंडीला गेलो. मामींचा हात आता दोघांच्या बेताला बसला होता. त्यातच माझं भागवलं, भांडी पुसून निघाली. जेवण झाल्यावर मामा सवयीने उठले, फ्रीज उघडला. आत पाण्याची एक बाटली आणि चार लिंबं. ते दार धरून तसेच उभे राहिले. मामी म्हणाल्या, "अहो, दार लावा, गारवा जातोय." हा मामांचाच नियम. पण मामा हलले नाहीत. मग एकदम, आमच्या दोघांकडेही न बघता, मोठ्याने म्हणाले,

"अगं, मूठभर जास्त टाकत जा की! काय तरी उरू दे घरात!"