झुकझुकगाडीचा शेवटचा नंबर

सखाराम कांबळे, म्हणजे आपल्या सर्वांचे आबा, यांची आणि माझी ओळख एका तक्रारीतून झाली. मी तेव्हा बारामतीत एका दैनिकाचा नवा वार्ताहर होतो. गळीत हंगामाच्या पहिल्या दिवसाची बातमी संध्याकाळच्या आत पुण्याला पोहोचवायची होती. साखर कारखान्याच्या गाडीतळावर, म्हणजे उसाने भरलेली वाहने वजनासाठी थांबतात त्या पटांगणात, एक छान सजवलेली बैलगाडी उभी होती. छायाचित्रासाठी ती वजनकाट्यावर आधी घ्यावी, अशी विनंती मी तळाची व्यवस्था पाहणाऱ्या आबांना केली.

"फोटू हितंच काढा साहेब. नंबर आल्याबिगर गाडी हलायची न्हाय."

"अहो, पाच मिनिटांचं काम आहे."

"तुमची पाच मिन्टं. पुढं हुबं हायेत त्यांच्या बैलांनी तुमचं काय घोडं मारलंय?"

आसपासचे गाडीवान मनमुराद हसले. मी छायाचित्र तळावरच काढले आणि नंतर आबांच्या टपरीवजा कचेरीत चहा घेतला. ते छायाचित्र पहिल्या पानावर आले, हे इथे नमूद करतो. आबा अजूनही त्याचे श्रेय मागतात.

आबा मूळचे सांगवीचे. नोकरीची सगळी वर्षे त्यांनी गाडीतळावर काढली. संचालकांच्या भावकीतला ट्रॅक्टर असो की कुणा एकट्या म्हातारीची गाडी, जो आधी आला तो आधी काट्यावर जाई. या काटेकोरपणामागचे कारण मी त्यांना एकदा विचारले होते. ते म्हणाले, "आमच्या वडलांनी बौद्ध धम्म घेतला, त्याच्या आधीची गोष्ट. पाण्याला कितीबी लवकर गेलं तरी आमचं माणूस शेवटी. तितं नंबर नव्हता, जात हुती. मला नंबर आवडतो बाबा." एवढे बोलून त्यांनी विषय बदलला. आबा भाषणे करीत नाहीत, ही त्यांची आणखी एक मोठी देणगी.

मात्र या शिस्तीत कोरडेपणा कधी नव्हता. ऊसतोड कुटुंबांची मुले गाड्यांबरोबर तळावर ताटकळत. आबांनी कडुनिंबाला जुन्या टायरचा झोपाळा टांगला, पलीकडे वाळूचा ढीग टाकून घेतला. बैलांना सावली शोधणारे पुष्कळ असतात. मुलांना खेळ शोधणारे आबाच. निवृत्तीनंतर, इंदापूर तालुक्यात महामार्गालगत मनोरंजन उद्यान काढणाऱ्या मालकांनी त्यांना देखरेखीसाठी आग्रहाने बोलावले, ते हा झोपाळा आठवूनच.

आबा मला खऱ्या अर्थाने कळले ते तिथे, महामारीच्या काळात.

बरेच महिने बंद असलेले उद्यान पुन्हा उघडले, तो रविवार होता. निम्म्याच लोकांना प्रवेश, दिवस मावळायच्या आत सगळे बंद, आणि कुठेही गर्दी दिसली तर परवानगी रद्द, अशा अटी होत्या. आम्ही पतिपत्नी सहा वर्षांच्या नातवाला, ओजसला, घेऊन गेलो होतो. फाटकावर ताप बघायचे पिस्तुलासारखे यंत्र कपाळासमोर धरताच त्याने दोन्ही हात वर केले. पोरगा इतके महिने घरात टीव्हीसमोर होता, त्याचा हा परिणाम.

आत मात्र कुठेच रांग नव्हती. आबांनी तिथे गाडीतळ केला होता. प्रत्येक कुटुंबाला एक नंबर, झाडाखाली चुन्याने आखलेला एक चौकोन, आणि कर्ण्यावर आबांचा आवाज: "सतरा नंबरची गाडी काट्यावर या! मास्क नाकावर, गळ्यात न्हाय! अठरा नंबर, तुमचं पोरगं एकोणिसाच्या हद्दीत शिरलंय, माघारी घ्या!"

सगळ्यांना हवी होती ती झुकझुकगाडी. एका डब्यात एक कुटुंब, प्रत्येकाला तीन फेऱ्या. मधले डबे रिकामे. त्यामुळे वेळ लागत होता. आणि दुपार कलल्यावर आबांच्या सूनबाई, सुजाताताई, चार वर्षांच्या आर्याला घेऊन सांगवीहून आल्या. एसटी उशिरा मिळाली होती. त्यांना शेवटचा नंबर मिळाला. आर्या नवा फ्रॉक घालून, गाडीकडे तोंड करून चौकोनात बसली. उन्हे उतरू लागली तसे आम्हा सर्वांच्या लक्षात आले की या वेगाने शेवटच्या पाचसहा नंबरांना गाडी मिळणार नाही. आर्या त्यांत होतीच.

आबांच्याही ते लक्षात आले होते. पण कर्ण्यावरचा आवाज तसाच चालू होता. फक्त विनोद थांबले होते.

आमच्या शेजारच्या चौकोनात कळंबच्या एक आजी दोन नातवंडांसह बसल्या होत्या. त्यांचा नंबर जवळ आला होता. त्यांनी तिथूनच हाक मारली.

"ओ आबा! मागच्या पोरांचं काय?"

"काय करनार आक्का? येळच संपतीय."

"मग तिनाच्या दोन फेऱ्या करा की. समद्यांचं हुतंय."

आबा खाली बघत म्हणाले, "शेवटी माझी नात हाय. तिच्यासाठी फेऱ्या कमी केल्या आसं हुईल. मला न्हाय जमायचं."

"आन् तुमची नात नसती तर काय केलं आसतं?"

आबांनी कर्णा खाली ठेवला. "दोन केल्या आसत्या."

"मग पोरीनं काय गुन्हा केलाय व्हय, तुमच्या घरात जल्म घेतला म्हणून? तिच्यापायी मागची समदी पोरं उपाशी ठेवताय! करा दोन!"

हशा पिकला. आबा हसले नाहीत. त्यांनी कर्णा उचलला आणि एक ठराव मांडला: "पोरांनो, दोनच फेऱ्या घेतल्या तर शेवटच्यापत्तुर समदी बसत्यात. चालंल का? ज्येला चालंल त्येनं हात वर करा. आई-बापांनी न्हाय, पोरांनी!"

चौकोनाचौकोनांतून हात वर झाले. ओजसने सवयीने दोन्ही केले. एका मुलाने स्पष्ट शब्दांत नकार दिला आणि कळंबच्या आजींनी त्याच्या आईकडे असे पाहिले की तोही हात वर गेला.

सूर्य टेकायच्या थोडे आधी शेवटचा नंबर पुकारला गेला. आबांनी तो इतर नंबरांसारखाच पुकारला. आर्या आईबरोबर डब्यात बसली, मास्क नाकावर ठेवून, अगदी गंभीरपणे. पहिल्या फेरीत तिने कुणाकडेच पाहिले नाही. दुसऱ्या फेरीत रुळाच्या कडेने, सहा फुटांचे अंतर राखून, सत्तरीचे एक गृहस्थ गाडीबरोबर पळत होते. कर्णा त्यांच्या हातातच राहिला होता आणि चालूही होता. त्यामुळे त्यांची धाप आणि "बसली! बसली गं माझी बाय!" हे आम्हा सगळ्यांना ऐकू गेले.

आबा आता पंच्याहत्तर पूर्ण करीत आहेत. न्यायाने वागणारी माणसे स्वतःच्या घरावर थोडा अन्याय करतात; त्यांना तसे करू न देणारी माणसे भेटत राहोत, ही माझी पहिली इच्छा. दुसरी साधी आहे: त्यांचे गुडघे, डोळे आणि तो आवाज असाच खणखणीत राहो, आणि शंभरीच्या दिवशीही ते कुठल्या तरी लेकराच्या आनंदामागे धापा टाकत पळताना आपल्याला दिसोत.