टाचांच्या बेचक्यात

माघातली सकाळ कोरडी ठणठणीत उगवली. दव नाही, धुकं नाही. पठारावरचा वारा तेवढा सुटलेला, आणि तो अंगाला लागला की कातडं आवळून यायचं. दुष्काळाचं हे दुसरं साल. झुंबरबाईनं चुलीतली राख ओढली, हंड्याच्या बुडाशी राहिलेलं पाणी तांब्यात घेतलं, परातीवर वाकून तोंड धुतलं आणि परातीतलं पाणी शेळीपुढं सारलं. मग खांद्यावर जुनेर टाकून ती कडूबाईच्या घराकडं निघाली. उंबऱ्याबाहेर पहिलं पाऊल पडलं तसा तिचा सगळा जीव टाचेत आला.

पाझर तलावाच्या कामावर दगड-माती वाहून वाहून टाचांना भेगा पडल्या होत्या. एकेकीत बाजरीचा दाणा बसावा एवढ्या. चार दिवसांमागं, बाजाराच्या सुट्टीला, तिनं बिब्बा काढला होता. सुईला टोचून दिव्यावर धरला, त्याचं काळं तेल सुटलं ते भेगांत सोडलं. पदर दातात धरून कळ काढली. काल सांजेला पुन्हा सोडलं. तिची आई असंच करायची, आजी असंच करायची. बिब्बा काहीजणांना उततो, अंगावर फोड उठतात. झुंबरबाईला तो जन्मात कधी उतला नव्हता.

झुंबरबाई गावची लेक. श्रीगोंद्याकडं दिली होती, पण नवऱ्यानं दुसरी केली आणि हिला एका पावसाळ्यात भावाच्या दारात आणून सोडली. भाऊ पुढं केडगावला बिऱ्हाड करून राहिला. ही राहिली एका खोलीत, शेळीच्या सोबतीनं. पोटी काही नाही. पण गावात बाई बाळंत झाली की बाळाला न्हाऊ घालायला झुंबरबाईच लागायची. चाळीस वर्षं ती पाटावर बसून पाय पसरत आली होती आणि गावातली निम्मी माणसं तिच्या नडग्यांवर रडून मोठी झाली होती. म्हणून लहान-थोर तिला आत्या म्हणायचे. सकाळचा तो घटकाभर सोडला तर दिवसभरात तिच्या अंगाला कुणाचं अंग लागायचं नाही. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायचं तरी काय त्यात.

बाळांचं कातडं तिला वाचता यायचं. तिसऱ्या-चवथ्या दिवशी अंगावर लाल चट्टे उठले आणि मध्ये पांढरा ठिपका दिसला की घरातल्या बाया घाबरायच्या. ती म्हणायची, पोर बाहेरच्या हवेला शिकतंय, हात लावू नका, जाईल आपोआप. नाकावरचे पांढरे कण कुणी नखानं काढायला गेली तर तिच्या हातावर फटका द्यायची. टाळूवरची खपली तेलात भिजू द्यायची, ओरबाडायची नाही. जांघेत लाल झालं तर दोष लंगोटाचा. ओला राहिला, नाहीतर साबण त्यात तसाच वाळला. देवी म्हणावं तर त्या तोंडावर आणि हातापायांवर आधी दिसतात, आणि पोर तापानं फणफणलेलं असतं. या सगळ्यात तिचा कधी पाय घसरला नव्हता.

कडूबाईच्या घरात सून मनकर्णा बाळंत होऊन वीस दिवस झाले होते. पहिलटकरीण खरी, पण तिचं माहेर ऊसतोडीला गेलेलं, तेव्हा बाळंतपण सासरीच झालं. मुलगा होता. झुंबरबाई पाटावर बसली, लुगडं गुडघ्यापर्यंत सारून पाय पसरले आणि बाळाला नडग्यांवर घेतलं. डोकं पावलांकडं, मान दोन्ही टाचांच्या बेचक्यात. अशी मान बसली की बाळ हलत नाही आणि पाणी कानात जात नाही. तेलाचा हात पाठीवर फिरवायला तिनं त्याला पालथं केलं, आणि हात थांबला.

मानेच्या दोन्ही बाजूंना, कानाच्या पाळीमागून खांद्यापर्यंत, लाल पट्टे उठले होते. एक डावीकडं, एक उजवीकडं. त्यांवर बारीक पाणीदार फोड. काल नुसती लाली होती, तिला वाटलं होतं कुंचीची नाडी काचली असेल. पोराच्या अंगात ताप नव्हता. पण बोट लागलं की ते असं कळवळायचं की मनकर्णा आतून धावत आली.

कडूबाईनं वाकून बघितलं. आधी तिला देवी वाटल्या. झुंबरबाईनं नाही म्हटल्यावर तिची नजर सुनेकडं वळली. परवा हिनं दुष्काळी कामावर वाटलेली सुकडी खाल्ली, वर हुलग्याचं माडगं प्यायली, दूध गरम पडलं, तेच पोराच्या अंगावर उठलं, असं ती बोलत सुटली. आजपासून अंगावर पाजायचं बंद. शेळीचं दूध पाणी घालून द्यायचं. मनकर्णेच्या चोळीवर दुधाचे दोन ओले डाग पसरत होते.

"झुंबरे, तुला कळतंय यातलं. दुधाचंच हाय ना ह्ये?" कडूबाईनं विचारलं.

झुंबरबाईनं पुन्हा पट्टे बघितले. घामोळं नव्हतं, थंडीत कुठलं. लंगोटाचं नव्हतं. दुधाचंही वाटत नव्हतं. तिला ते ओळखू आलं नव्हतं, चाळीस वर्षांत पहिल्यांदा. दारात दोन शेजारणी येऊन उभ्या होत्या.

"बघू," ती म्हणाली.

त्या एका शब्दावर कडूबाईनं सुनेची छाती फडक्यानं आवळून बांधली.

दुपारी कामावर भाकरीची सुट्टी झाली. झुंबरबाई बाकीच्या बायांपासून जरा लांब, बाभळीच्या विरळ सावलीत बसली. मिलोची, रेशनवर आलेल्या परदेशी ज्वारीची, लाल भाकरी तिनं सोडली. गेल्या सालीच पलीकडच्या वस्तीवर एक पोर शेळीच्या पाणीदार दुधावर वाळत वाळत गेलं होतं, ते डोळ्यांपुढून हलेना. मनकर्णेचं दूध आटायला चार दिवस पुरे. एकदा आटलं की या सालात कुठून आणायचं.

जमीन उताराची, तांब्या कलंडायला लागला. तिनं सवयीनं पाय पसरले आणि तांब्या दोन टाचांच्या बेचक्यात बसवला. भाकरी संपवून तो उचलला तर घासून लखलखीत केलेल्या पितळेवर काळे डाग. एक डाव्या अंगाला, एक उजव्या. तिनं अंगठ्यानं पुसून बघितले. डाग पसरले, गेले नाहीत.

ती त्या तांब्याकडं बघत राहिली. मग आपल्या टाचांकडं. मग उठली आणि मुकादमाला काही न सांगता गावाकडं चालायला लागली. एक बाई मागून ओरडली, की आत्याला भाकरी पचली न्हाई जणू, तशा बाकीच्या हसल्या.

वाटेत दोनदा ती थांबली. न सांगता भागलं असतं. उद्यापासून पायाला चिंध्या बांधून गेली असती तर पोराचे फोड आठ-दहा दिवसांत वाळले असते, आणि कुणाला काही कळलं नसतं. पण तोवर दूध आटलं असतं, आणि ते सुनेच्याच माथी राहिलं असतं. झुंबरबाईला भावाच्या दारातला तो पावसाळा आठवला. तेव्हा तिच्याही माथी असंच काहीतरी मारलं होतं, आणि खरं माहीत असलेलं एक माणूस खाली मान घालून उभं होतं.

कडूबाई ओसरीवर शेळीचं दूध फडक्यानं गाळत होती. आत पोर रडून रडून घोगरं झालं होतं.

"वैनी, दुधाचं न्हाई ते. बिब्ब्याचं हाय. माज्या पायाचं."

कडूबाईला आधी कळलंच नाही. झुंबरबाई ओसरीवर बसली, पाय पसरले, टाचांच्या मधली जागा दाखवली. पोराची मान कुठं येते ते हातानं दाखवलं. कडूबाईनं तिचा पाय धरून बैलाचा खूर बघावा तसा उलटापालटा करून बघितला. भेगांत काळं माखलेलं होतं.

"चाळीस वर्सं पोरं धुतीस. पाय कुटं टेकतोय येवडं कळंना तुला?"

"न्हाई कळलं."

"आन सकाळी बघू म्हनलीस ते?"

"तवाबी कळलं नव्हतं. कळत न्हाई म्हनायला जीभ वळली न्हाई, वैनी." "पोरीला पाजू द्या. मला काय बोलायचं ते मागनं बोला."

कडूबाईनं दुधाचं भांडं बाजूला सारलं. आत तोंड करून म्हणाली, "मने, सोड ते फडकं. घे त्याला." आतला रडण्याचा आवाज एकाएकी तुटला. दोघी तो थांबलेला आवाज ऐकत बसल्या. मग कडूबाई तिच्याकडं न बघता म्हणाली, "उद्यापासनं येऊ नगंस."

गुरुवारी नर्सबाई आल्या. मार्थाबाई, मूळच्या नगरच्या ख्रिस्ती, पारनेरला खोली घेऊन एकट्या राहायच्या आणि आठवड्यातून एकदा पायी या वाडीवस्त्यांवर फिरायच्या. त्यांनी पोराला बघितलं आणि बिब्बाच म्हणाल्या. फोड फोडायचे नाहीत, साध्या साबणानं हलकं धुवायचं, आणि पोराची झबली-दुपटी सगळी गरम पाण्यातून काढायची, कारण ते तेल कपड्यात दडून बसतं. आईचं दूध चालू ठेवलंत हेच औषध, असंही त्या कडूबाईला ऐकवून आल्या. जाता जाता झुंबरबाईच्या दारात थांबल्या, बिनदुधाचा चहा प्यायल्या.

"उरलेले बिब्बे चुलीत टाकू नका हं, आत्याबाई. त्याचा धूरही उततो. मातीत पुरा," त्या म्हणाल्या. "आणि पायाला एरंडेल लावा. पायांनी तुमचं काय वाकडं केलंय?"

झुंबरबाई हसली. त्या महिन्यात तिच्या घरात बसून चहा प्यायलेलं तेवढं एकच माणूस.

कारण गावात गोष्ट पसरली होती. हापशावर बाया तिला वाट द्यायच्या, पण जरा जास्तच वाट द्यायच्या. कुणी पदराआड म्हणायची, आली बघा बिब्बा घालणारी, आणि खालच्या आळीत नवीन बाळंतीण झाली तिला न्हाऊ घालायला दुसऱ्या गावाहून बाई आणली. भेगा भरून आल्या. एरंडेलानं टाचा मऊ पडल्या, लहान मुलीसारख्या. सकाळी ती उठायची त्याच वेळेला, आणि उठल्यावर हातांना काय द्यायचं ते तिला समजायचं नाही. शेळीला खाजवायची. शेळी कंटाळून बाजूला व्हायची.

फाल्गुन सरत आला तशी उन्हाची काहिली सुरू झाली. एका सकाळी ती दारात मिलो निवडत बसली होती तेव्हा मनकर्णा आली. पोर खांद्यावर, अंगात जाड झबलं, डोक्याला लोकरीची कुंची. उंबऱ्यापासून चार पावलांवर उभी राहिली.

"आत्या, ह्ये बघा की. कपाळावर, गळ्याला, समदीकडं उठलंय."

झुंबरबाईचे हात उठले होते, ते तिनं पदरात घेतले. बसल्या जागेवरून मान पुढं काढून बघितलं. मोहरीएवढे लाल दाणे, कातड्याच्या घडीघडीत.

"घामोळं हाय. कुंची काढ आदी. उन्हाळ्यात कुनी लोकर घालतं व्हय? पातळ झबलं घाल, तेल लावू नगंस चार रोज, गार पान्यानं पुसून घे आन वाऱ्याला निजीव. पावडरी नगं थापू." मग म्हणाली, "मान वळीव त्येची."

मनकर्णेनं पोराला फिरवलं. पट्ट्यांच्या जागी पुसटशी तपकिरी झाक राहिली होती, डाव्या कानामागं. तीही ओसरत होती.

"मोप दूध हाय न्हवं?"

"लई हाय," मनकर्णा म्हणाली आणि खाली बघून पायाच्या अंगठ्यानं माती उकरायला लागली. "सासूबाई म्हनल्या, आत्यालाच दावून ये. पन हातात दिऊ नगं म्हनल्या."

"बराबर हाय त्यांचं."

मनकर्णा गेली नाही लगेच. पोराची कुंची तिथंच काढली. त्याचं घामेजलेलं डोकं उघडं पडलं, जावळ टाळूला चिकटलेलं, आणि ते झुंबरबाईकडं बघून जांभई देऊ लागलं. मग ती दोघं बोळातून वळून दिसेनाशी झाली.

झुंबरबाईनं बसल्या जागी पाय पसरले. सूप नडग्यांवर घेतलं, टोक टाचांच्या बेचक्यात टेकवलं, आणि लाल मिलोतले खडे वेचायला लागली.