पिवळ्या दिव्याखाली पाहिलेल्या हिरड्या

चहाचा कप तो डाव्या हातात धरायचा, कारण उजवा कायम ओला असायचा. माणसांशी बोलता बोलता त्यांच्या खांद्यावरचे केस वेचायचा. कात्रीला 'बाईसाहेब' म्हणायचा. शिट्टी वाजवायला घ्यायचा आणि मध्येच विसरायचा. आणि कुठलंही कुत्रं भेटलं की आधी अंगठ्याने त्याचा वरचा ओठ उचलायचा.

कुत्र्यांना आंघोळ घालायचं, त्यांचे केस कापायचं त्याचं दुकान होतं. मी वरच्या खोलीत भाड्याने राहतो. मी त्याला दादा म्हणायचो. तो मला 'साहित्यिक' म्हणायचा, कारण मी साहित्य शिकलो आणि अजून बेकार आहे. त्याच्याबद्दल 'होता' असं लिहायला अजून हात धजत नाही.

हिरड्यांचं त्याने मला एकदा समजावलं होतं. निरोगी हिरडी गुलाबी आणि ओलसर. बोटाने दाबली की पांढरी पडते, सोडली की लगेच रंग परततो. फिकट असेल तर रक्त कुठेतरी वाया जात असेल. पिवळी असेल तर कावीळ. निळसर असेल तर श्वास पुरत नाही. विटेसारखी लाल असेल तर अंगात ऊन भिनलेलं. काहींच्या हिरड्या जन्मतःच काळ्या, मग खालची पापणी ओढून बघायची.

"रोग कुठला ते डॉक्टर सांगतील," तो म्हणायचा. "आपण फक्त त्यांच्याकडे पळायचं की नाही तेवढं बघायचं."

म्हणून प्रत्येक कुत्रं तो आधी दारात, उजेडाला आणायचा. टेबलावरचा दिवा पिवळा होता. त्या दिव्याखाली मेलेलाही ठणठणीत दिसेल, असं तोच म्हणायचा.

त्याची थोरली बहीण दोन गल्ल्या सोडून राहते. आई गेल्यावर आक्कानेच त्याला वाढवलं. त्याने लग्न केलं नाही. "हा भावजय आणेना, म्हणून मीच आणली," असं म्हणत तिने आपल्या कुत्रीचं नाव भावजय ठेवलं. ती कुत्री आता म्हातारी झाली होती.

एके दिवशी मी त्याच्यासोबत आक्काकडे गेलो. आत शिरताच तो भावजयपाशी उकिडवा बसला.

"बहीण जिवंत आहे का, ते तरी विचार," आक्का म्हणाली.

"तुझा आवाज गल्लीच्या तोंडाशीच ऐकू आला. चांगली आहेस."

"जीभ बघा मेल्याची!"

तो हसला नाही. भावजयचा ओठ तसाच उचलून धरून राहिला. मग कुत्रीला उचलून त्याने खिडकीशी नेलं. मीही पाहिलं. हिरडी कागदासारखी होती. त्याने बोट दाबलं, काढलं. दाबल्याची खूणही कळेना.

दवाखान्यात कळलं, पोटात प्लीहेवर गाठ होती आणि तिच्यातून आतल्या आत रक्त झिरपत होतं. डॉक्टरांनी सलाईन लावलं. शस्त्रक्रिया करता येईल, म्हणाले, पण आधी दुसऱ्या कुत्र्याचं रक्त द्यावं लागेल, आणि ते उद्या सकाळीच हवं.

बाहेरच्या बाकावर तो आक्काशेजारी बसला.

"मागच्या आठवड्यात मी हिला आंघोळ घातली ना, तेव्हा संध्याकाळ झाली होती. दारात नेलंच नाही. दिव्याखालीच ओठ उचलला. म्हटलं, घरचीच तर आहे."

आक्काने पदराने तोंड पुसलं.

"रक्त आण," एवढंच म्हणाली.

त्याने सगळ्या गिऱ्हाइकांना फोन लावले. बेकरीवाल्याचा कुत्रा, पैलवान, मिळाला. धिप्पाड, तरुण, हिरड्या लालगुलाबी. रक्तही जुळलं. अडचण एकच होती. पैलवान दादाखेरीज कोणाला मानेला हात लावू देत नसे. सुईसाठी मानेवरचे केस काढायला हवे होते, म्हणून ते दुकानातच भादरायचं ठरलं. पुढेही दादाच त्याला धरून बसणार होता.

सकाळी वर मला मशीनचा आवाज येत होता. वर-खाली होणारा, नेहमीचा. मग तो एकाच सुरात येऊ लागला. कितीतरी वेळ.

मी खाली गेलो. मशीन फरशीवर थरथरत होतं. दादा भिंतीला टेकून बसला होता. पैलवान त्याचा हात चाटत होता.

हृदय बंद पडलं, असं इस्पितळात सांगितलं. डॉक्टर शब्द जपून वापरत होते. मला एकही कळला नाही.

दुपारी आक्का स्वतः उठली. "त्याने रक्त आणायचं कबूल केलंय," म्हणाली, आणि पैलवानाला घेऊन दवाखान्यात गेली. मी आणि बेकरीवाला सोबत होतो. पैलवानाने कोणालाच मानेजवळ येऊ दिलं नाही. त्याला गुंगी द्यायला बेकरीवाला तयार होईना. त्याला तरी काय म्हणणार?

संध्याकाळी भावजय गेली.

पैलवान आताही दुकानावरून जातो. बंद दारापाशी थांबतो, ओढावं लागतं. मानेवर एक बोटभर पट्टा भादरलेला आहे. बाकीचे केस तसेच राहिलेत.