माय कोर्ट बघायला आली

लॉच्या शेवटच्या वर्षाला आमचा दुपारचा तास म्हणजे अर्धी झोपच. सर पुराव्याचा कायदा शिकवत, डोक्यावर पंखा कुरकुरत फिरे आणि खिडकीबाहेर तूर वाऱ्यावर डुलत राही. त्या डुलण्याकडं बघत बघत मी कुठल्या कुठं निघून जायचे. सर विचारायचे, "काय मॅडम, कुठं हरवलात?" सगळा वर्ग हसायचा आणि मला असा राग यायचा म्हणता! मी हरवलेली कुठं असायचे? मी जिथं असायचे तिथं वर्गापेक्षा बरं होतं, एवढंच.

तास सुटला की मी आणि माझी मैत्रीण कॉलेजमागच्या कडुनिंबाखाली बसायचो. वकील झालो नाही तर काय व्हायचं, असा आमचा एक खेळ होता. तो काही आम्ही निव्वळ गंमत म्हणून काढलेला नव्हता. आमच्या आधी पास झालेले लोक कोट घालून कोर्टाबाहेरच्या चहाच्या टपरीवर दिवस काढत, हे आम्ही येता-जाता बघत होतो. त्यातला एक जण तर सरळच म्हणाला होता, "ताई, पक्षकारापेक्षा वकील जास्त झालेत हितं. दुसरं कायतरी हाताशी ठेवा." मग आम्ही निंबोळ्या चिरडत आमचं भविष्य काढायचो. पोलीस भरती, बँक, स्पर्धा परीक्षा, हळदीची आडत. मैत्रीण व्यवहारी, ती जमेल तेवढंच बोलायची. माझं रोज निराळं. एके दिवशी मी एसटीची कंडक्टर व्हायचे आणि घंटी मारत माळामाळानं फिरायचे. दुसऱ्या दिवशी रेडिओवर हवामान सांगायचे, आणि मी सांगेन तसंच आभाळ यायचं. मैत्रीण वैतागायची. "तुला नोकरी पायजे का स्वप्न पायजे, एकदाचं ठरव बाई!"

तिनं तिचं ठरवलं. पुण्याला एका कंपनीत करार वाचायच्या कामाला लागली. फोनवर म्हणाली, "कोट पेटीत टाकला बघ. खरं सांगू, हलकं वाटून राहिलं." मला तिचा हेवा वाटला आणि तितकाच रागही आला. तिचा कोट तिचा होता. माझ्या कोटावर माझ्याआधी मायचा हक्क होता.

आमच्या घरी भिंतीवर निळ्या कोटातला फोटो आहे. आमच्या वस्तीत तो घरोघरी आहे. त्याच्या खाली बसून अभ्यास करत मी मोठी झाले, आणि कोट म्हणजे काय ते मला कुणी समजावून सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती. बाप मी शाळेत असतानाच गेला. माय तेव्हापासून लोकांच्या हळदीत, कापसात खुरपायला जाते आणि आमचा जो एवढासा तुकडा आहे तोही तीच सांभाळते. मला सनद मिळाली तेव्हा ती माझ्याबरोबर वसमतला आली आणि शिंप्यापुढं उभी राहून म्हणाली, "खांद्यात ढिला करू नका. उभी राहिली की दिसली पायजे." शिंपी हसला. माय हसली नाही.

मग वसमतच्याच कोर्टात मी एका जुन्या वकिलांच्या हाताखाली लागले. माणूस चांगला. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं, "मॅडम, शिकवीन सगळं. पैशाचं मात्र सध्या विचारू नका. मला बी कुणी दिले नव्हते." आणि माझं काम काय? ते एका कोर्टात असले की दुसऱ्या कोर्टात त्यांच्या वतीनं उभं राहायचं. नावाचा पुकारा झाला की उठायचं आणि म्हणायचं, "साहेब, सीनियर वरच्या कोर्टात आहेत, पुढची तारीख मिळावी." साहेब मान वर न करता तारीख सांगायचे. झालं, बसा खाली! कॉलेजात वादविवादाच्या ढाली आणणारी मी, आणि दिवसभरात माझ्या तोंडून एवढं एकच वाक्य निघायचं.

बाकी वेळ पंख्याखाली. हळदीच्या हंगामात वसमतच्या हवेतच हळद असते. शेतकरी मोंढ्यात माल घालून तसेच कोर्टात येत, त्यांची बोटं लागून फायली पिवळ्या होत, आणि संध्याकाळपर्यंत माझ्या काळ्या बाह्यांवरही ते पिवळं चढलेलं असे. दुपारी खिडकीतून उन्हाची तिरीप यायची आणि तिच्यात ती पिवळी धूळ तरंगत राहायची. मी तिच्याकडं बघत बसायचे. कुणाचा बांध, कुणाची वाटणी, कुणाची पोटगी. नावं पुकारली जात, माणसं उठत, परत बसत, आणि सगळं पाण्याच्या तळाशी चालल्यासारखं संथ वाटे. मध्येच आमचं नाव आलं की मी दचकून उठायचे, तारीख मागायचे आणि परत बुडायचे.

एके दिवशी वकीलसाहेबांनी मला सिद्धेश्वरला पाठवलं. धरणात मासेमारी करणाऱ्यांची एक संस्था होती, तिच्या अध्यक्षांची वकीलपत्रावर सही आणायची होती. मी सकाळच्या गाडीनं पोचले, तर अध्यक्ष पाण्यात. काठावरच्या बाया म्हणाल्या, "बसा ताई, येतेत. पान्यातल्या मानसाला घाई करता येत न्हाई." म्हणून मी दगडावर बसले. समोर पूर्णेचं पाणी इतकं पसरलेलं, की पलीकडं काठ असेल असं नुसतं धरून चालायचं. वर पातळ धुकं होतं. त्यात थर्माकोलच्या तराफ्यांवर उकिडवी बसून माणसं जाळी ओढत होती, आणि तराफा दिसत नसल्यानं ती थेट पाण्यावरच बसल्यासारखी वाटत होती. बाया रोहू, कटला निराळे करून वजनकाट्यावर टाकत होत्या, एकमेकींच्या नवऱ्यांवरून थट्टा करत होत्या. एकीनं मला काळा चहा दिला. ऊन वर आलं, धुकं विरलं, तरी मी तिथंच. किती वेळ गेला कोण जाणे! मग माझं मलाच नवल वाटलं, की इतक्या वेळात मी कुठंच गेले नव्हते. जे समोर होतं तेच बघत होते आणि तेवढं मला पुरत होतं.

अध्यक्ष आले, सही झाली, बोलणं निघालं. ठेक्याचे कागद, संस्थेचे नियम, कचेरीच्या चकरा, यातली लई तकलीफ त्यांनी सांगितली. मला जे ठाऊक होतं ते मी सांगितलं. निघताना ते म्हणाले, "आमचे सचिव थकले, सोडून राहिले. कायदा कळनारं मानूस पायजे आमाला. तुमीच या ना ताई. पगार लई न्हाई, पन महिन्याच्या महिन्याला भेटल बराबर." मी म्हटलं, बघते. आणि परतीच्या गाडीत बसल्या बसल्या माझ्या ध्यानात आलं, की माझं बघून झालंय.

आता प्रश्न उरला मायचा. मासे, बाई! पोरीला कोट शिवला आणि पोरगी मासोळ्यांत गेली, हे तिला कोणत्या तोंडानं सांगू? गावात कुणी माझ्याबद्दल विचारलं की ती आधी डोक्यावरचा पदर नीट करायची आणि मग म्हणायची, "वकील हाय ती." रोज संध्याकाळी फाट्यावर उतरून घराकडं चालताना मी ठरवायचे, आज सांगायचंच. आणि रोज माय चुलीपुढून विचारायची, "आज काय बोललीस कोर्टात?" तिच्या तोंडावर असं काही असायचं की माझं अवसान गळायचं. मग मी तिला सांगत बसायचे. दिवसभर ऐकलेली दुसऱ्या वकिलांची भांडणं माझ्या तोंडी घालून, तिखटमीठ लावून. समोरच्याला मी कसं गप्प केलं, साहेबांनी चष्मा काढून कसं ऐकलं. भाकरी तव्यावर करपायची तरी ती ऐकत राहायची.

शेवटी मी उलट्या बाजूनं सुरुवात केली. आधी वकीलसाहेबांना सांगितलं. ते हातातली फाईल मिटत म्हणाले, "जा मॅडम. तुमच्या वयाचा असतो तर मी बी आलो असतो. या हप्त्याचा बोर्ड तेवढा सांभाळा." म्हणजे त्या हप्त्यातल्या तारखा. मी मान हलवली. हप्ता संपायच्या आत मायला सांगायचं, असं मनाशी पक्कं केलं.

हप्त्याचा शेवटचा दिवस उजाडला तरी मी सांगितलं नव्हतं. दुपारी आमचं नाव पुकारलं. मी उठले, आणि उठता उठता नजर सगळ्यात मागच्या बाकावर गेली. माय! जयंतीला आणि बुद्धपौर्णिमेला नेसते ते पांढरं लुगडं नेसलेली, पिशवी मांडीवर घेऊन, ताठ बसलेली. अगं बाई गं! कामाचा खाडा करून, मला न सांगता, ती मला बघायला आली होती. क्षणभर मला वाटलं, खरंच, आज काहीतरी बोलावं. काहीही. पण फाईल हातात होती आणि तोंडाला तेच वाक्य ठाऊक होतं. "साहेब, सीनियर वरच्या कोर्टात आहेत, पुढची तारीख मिळावी." साहेबांनी तारीख सांगितली. मी खाली बसले.

माय उठली नाही. तिला वाटलं, ही नुसती सुरुवात असेल. दुसरं नाव पुकारलं, ती पुढं झुकली. तिसऱ्याला पुन्हा झुकली. दर पुकाऱ्याला तिची मान उचलायची, माझ्याकडं वळायची आणि मी बसलेलीच आहे हे बघून परत खाली जायची. पिवळी धूळ उन्हात फिरत होती. जन्मात पहिल्यांदा मला त्या पंख्याखाली कुठंही जाता आलं नाही. कोर्ट उठेपर्यंत माझं अंग बाकाला खिळलेलं होतं.

बाहेर आल्यावर ती एवढंच म्हणाली, "चल, गाडी चुकल." औंढ्याच्या गाडीत आम्हाला जागा मिळाली. ती खिडकीला बसली. वसमत मागं पडलं, तेव्हा तिनं विचारलं, "एवढंच असतंय व्हय?"

"आज एवढंच होतं."

"अन् रोज?"

मी कशी भडकले मलाच कळलं नाही. "रोज एवढंच असतं माय! रोज! आजवर म्या कोर्टात दुसरं वाक्य बोलले न्हाई. तुला सांगितलं ते समदं लोकाचं होतं." पुढच्या सीटवरची बाई वळून बघायला लागली. बघू दे म्हटलं. आणि मग थांबता येईना. कोट सोडते, सिद्धेश्वरला जाते, माशांच्या संस्थेत काम धरलंय, सगळं एका दमात ओतून मोकळी झाले.

माय खिडकीबाहेर बघत राहिली. हळदीचे वाफे गेले, कापूस गेला, एक ओढा गेला. मला वाटलं आता रडेल, नाहीतर चारचौघांत माझी हजेरी घेईल. तिनं दोन्हीतलं काहीच केलं नाही.

"तुझं बरं हाय," ती म्हणाली. "तुला दुसरं गावलं. म्या काय बघू आता?"

"म्हंजे?"

"खुरपताना, लेकी. ऊन चढलं, पाठ भरून आली की म्या कोर्ट आनते डोळ्याम्होरं. तू उभी. समदे गप. तू बोलून राहिलीस, अन् साहेब ऐकून राहिले. मंग खुरपायची पात कवा सरती कळत न्हाई. तू धाकली होतीस तवापासून बघते म्या. आज म्हनलं, एकदा खरं बघून यावं." तिनं पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. "आता ते येनार न्हाई डोळ्याम्होरं. आनू म्हनलं तरी न्हाई येनार."

आमच्या घरात अशी हरवणारी एक मीच, असं मी समजत होते. वर्गात त्यावरून मला हसायचे, आणि ही बाई भर उन्हात खुरपं चालवत कोर्ट भरवत होती! मला रडू आवरेना. तिचा हात हातात घेतला, तो मातीनं खरबरीत झालेला हात, आणि म्हटलं, "माय, डोळे मिट."

"काहून?"

"मिट तर."

तिनं मिटले. गाडी हळूहळू हलत होती. मी सांगायला लागले. आधी पाणी सांगितलं, पलीकडचा काठ न दिसणारं. मग धुकं, आणि धुक्यात पाण्यावर बसलेली माणसं. ती म्हणाली, "बुडत न्हाईत?" म्हटलं, न्हाई, खाली तराफा असतो. जाळं वर येताना चांदीसारखं कसं चमकतं ते सांगितलं. बाया सांगितल्या, त्यांची थट्टा सांगितली, तेव्हा मायच्या ओठाचा एक कोपरा हलला. काटा सांगितला, चहा सांगितला, धुकं विरून ऊन पडतं तेही सांगितलं. या वेळी लोकाचं काहीच घातलं नाही. सगळं सांगून झालं आणि मी थांबले.

माय डोळे मिटूनच म्हणाली, "समदं दिसलं. अन् त्यात तू कुठं हाईस?"

 एवढं पाणी सांगितलं आणि मला स्वतःला कुठं उभंच केलं नव्हतं.

"काठावर," मी म्हटलं. "काट्यापाशी, त्या बायांजवळ. उभीच हाय."

"बोलून राहिलीस?"

"व्हय माय. अध्यक्षांसंगं, बायांसंगं. समद्यांसंगं बोलून राहिले."

 आमचा फाटा जवळ आला, कंडक्टरनं घंटी मारली, लोक उठायला लागले, तरी तिनं डोळे उघडले नाहीत. कपाळाला आठी घालून ती आत कुठंतरी नीट निरखून बघत होती.

"डोईवर ओढनी घेत जाय तिथं," ती म्हणाली. "लई ऊन दिसून राहिलं मला."