महेबूबचाचांचे कमी टोले

महेबूबचाचा आमच्या अंगणात आले की आधी जोडा काढून ठेवीत आणि सारवलेल्या जमिनीवरून सावकाश फिरत. जमीन कुठं उतरते ते त्यांचे तळपाय शोधत. आमचं अंगण त्यांच्या भिंतीकडं थोडं उतरतं. मग ते खाली बसून, एक डोळा मिटून, आडव्या ठेवलेल्या तांब्याकडं बघत राहत. आई म्हणायची, "भाऊजी, तांब्या पळून न्हाय जायचा."

ते इथले, लोहारा गावचेच, आमचे भिंतीला भिंत लागून शेजारी. लहानपणी हैदराबादला गेले, साहेबलोकांच्या गोल्फच्या पिशव्या वाहिल्या आणि पुढं त्याच खेळावर पोट भरू लागले. राज्य बदललं, साहेब बदलले, चाचा तिथंच राहिले. घरी यायचे ते ईदेला. त्यांच्यासारख्या पोटासाठी खेळणाऱ्यांची देशातली मोठी स्पर्धा दरसाल होई. तीत ते कितीदा तरी दुसरे आले होते, पहिले कधीच नाही. आता पन्नाशी उलटली होती.

चौथीनंतर मी घरीच होते. कुणी आलं की दाराआड जायची. चाचांनी मला बोलावून हातात वाकडी काठी दिली आणि चेंडू तांब्यात घालायला शिकवलं. मी घाईनं मारत सुटायची. ते म्हणत, "मारायचं थोडं, बघायचं लई. ज्याचे टोले कमी, त्यो जिंकला." एकदा म्हणाले, "तू बोलतीस बी कमी. तुझा खेळ चांगला हाय."

त्या वर्षी त्यांचा गुडघा सुजू लागला होता. स्पर्धेला निघताना चाचीला म्हणाले, "बस, ये एक बार खेलतूं. जीतूं, हारूं, घरकू आतूं." नमाजानंतर दुवा मागताना चाचीचे हात जरा जास्तच वेळ वर राहू लागले.

चाचा एसटीतून उतरून आले तेव्हा गल्ली गोळा झाली. हातात नुसती पत्र्याची पेटी. मोठा चषक तिथंच क्लबात ठेवतात, हे आम्हांला कुठलं माहीत? समोरच्या तात्यांनी विचारलं, "किती टोले मारले?"

"सगळ्यांत कमी," चाचा म्हणाले.

तात्यांनी मान खाली घातली. "जाऊ द्या. वय झाल्यावर हात चालत न्हाय." आई आत जाऊन गरम भाकरी आणि लोणी घेऊन आली. चाचीनं भर गल्लीत त्यांच्या हातातली पेटी घेतली. "हारे तो हारे. घरकू आए ना, बस."

चाचांनी आईकडून भाकरी घेतली. डोळे भरलेले. मला राहवलं नाही. मी उंबऱ्याबाहेर आले आणि एवढ्या माणसांत पहिल्यांदाच बोलले, "ज्याचे टोले कमी, तोच जिंकतो. चाचा जिंकलेत."

"कमी मारून जिंकत्यात?" तात्या म्हणाले. "ही कुठली तऱ्हा?"

"हीच," चाचा म्हणाले. चाची पेटी तशीच धरून ओट्यावर बसली आणि तिनं पदरात तोंड लपवलं.

तुम्हीच का नाही सांगितलं, असं मी नंतर विचारलं. म्हणाले, "दुसरा आलो तवा तिथं कुणी पाणी बी विचारलं न्हाय. इथं हरलो समजून तुझ्या आईनं लोणी काढलं. मग जिंकल्याचं कशाला सांगू?"

ते पुन्हा कुठं गेले नाहीत. काही वर्षं आमच्या अंगणात खेळले आणि एका हिवाळ्यात, फारसा त्रास न होता गेले. अंगणात नवी माती टाकायची वेळ आली की शेजारणी म्हणतात, चाचांच्या भिंतीकडचा उतार भरून घे, पाणी तिकडंच जातं. मी व्हय म्हणते आणि बाकीचं अंगण सारवते.