गाडी आधीच बिघडलेली होती

परळच्या गल्लीत गॅरेज चालवणाऱ्या माझ्या मित्राने माझ्या गाडीचा गिअरबॉक्स घालवला, असं मी चार वर्षांपूर्वी आमच्या ठाकूरद्वारच्या वाडीत सगळ्यांसमोर म्हणालो. ते खोटं होतं. म्हणालो तेव्हा ते खोटं आहे हे मला माहीत नव्हतं. पण माहीत झाल्यावरही मी दोन वर्षं गप्प बसलो, आणि त्याला माझ्याकडे सबब नाही.

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून क्लच दाबताना डाव्या पायात कळ यायची. माझा मुलगा दादरला राहतो. तो म्हणाला, "बाबा, माझी ऑटोमॅटिक तुम्ही घ्या. मी नवीन घेतोय. हिला क्लच दाबावाच लागत नाही." किल्ली माझ्या हातात ठेवून त्याने वाकून नमस्कार केला. मी महिनाभर वाडीत भेटेल त्याला सांगत होतो, मुलाने दिली.

सकाळी घरून निघताना गाडी छान चालायची. भायखळ्यापर्यंत रखडत गेलं, की पहिल्या गिअरवरून दुसऱ्यावर जाताना असा धक्का द्यायची की मागून कोणी ठोकलं असं वाटून मी आरशात बघायचो. खडबडीत रस्त्यावर हळू जाताना खालून डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज यायचा. मी ती मित्राकडे नेली. तीस वर्षं माझ्या सगळ्या गाड्या त्यानेच बघितल्या होत्या, आणि माझ्या शब्दावर वाडीतल्या आणखी सहा घरांच्याही.

तो लालबागचा, मूळ मालवणकडचा. माझ्या बाजूला बसला आणि म्हणाला, "रेडिओ बंद, एसी बंद, तोंड बंद. चल." परळहून भायखळा आणि परत, ऐन गर्दीच्या वेळी. तो डोळे मिटून बसला होता. मधेच म्हणायचा, "पाय सोड. ब्रेक. परत सोड." परत आल्यावर त्याने मला नीट समजावलं. या गाडीत क्लच नाही असं नाही, दोन आहेत. एक पहिला, तिसरा, पाचवा गिअर सांभाळतो, दुसरा मधले. ते दाबायचं काम गाडीतला कॉम्प्युटर करतो. "एकवर ठीक, दोनवर दणका, तीन परत ठीक. थंड असताना काही नाही, तापली की सुरू. दुसरा क्लच झिजलाय रे."

तरी आधी त्याने इंजिन ज्यांवर बसतं ती रबरं तपासली, उगाच गिअरबॉक्सवर दोष नको म्हणून. गिअरबॉक्सचं ऑइल बदललं. मग गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या जुन्या बिघाडांच्या नोंदी बघायला स्कॅनर लावला आणि बराच वेळ त्याकडे बघत राहिला.

"सात वर्षांची गाडी, आणि एक पण फॉल्ट नाही? बॅटरी उतरल्याची पण नोंद नाही? मेल्या, माझ्या रक्ताच्या रिपोर्टात पाच ठिकाणी लाल रेघ असते. ही कोणीतरी पुसून दिलीय तुला."

"कोण पुसणार? माझ्या मुलाची गाडी आहे."

"कोणी ते मी कुठे म्हटलं? पुसलीय, एवढं दिसतंय. त्याला विचार."

मी विचारलं नाही. मुलाला फक्त एवढंच सांगितलं, की मित्राने ऑइल बदललं आणि तो म्हणतो क्लच झिजलाय. मुलगा म्हणाला, "कोण, तो परळवाला? त्याने ऑइल बदललं? मग झालं, बाबा. या गाड्यांना असल्या लोकांचा हात लागू द्यायचा नसतो. त्यानेच घालवली." माझं मन किती हलकं झालं ते आज लिहायला लाज वाटते. कोणावर विश्वास ठेवायचा हे मला ठरवावंच लागलं नाही.

आठवड्याने बायकोचं मोतीबिंदूचं ऑपरेशन करून आणत होतो. डोळ्यावर पट्टी बांधून ती मागे बसली होती. पेडर रोडच्या चढावर गाडीने एक दणका दिला आणि गिअरच सोडला. इंजिन चालू, पण गाडी मागे घसरायला लागली. ब्रेक लागला म्हणून वाचलो. बायको विचारत राहिली, "काय झालं हो? सांगा ना, काय झालं?" मागे हॉर्नचा गोंधळ. माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती, तीस वर्षांच्या मित्राने दगा दिला.

पुढच्याच रविवारी वाडीत सत्यनारायण होता. तो दरवर्षीसारखा आला. प्रसादाचा द्रोण हातात घेऊन हसत माझ्याकडे येत होता. मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "गाडीची वाट लावलीस ती लावलीस, वर माझ्या मुलावर आळ घेतोस? माझी बायको मेली असती." त्याने माझ्या मुलाकडे बघितलं. मुलगा माझ्या शेजारीच उभा होता. मग त्याने द्रोण कागदात गुंडाळला, माझ्या बायकोला म्हणाला, "वहिनी, प्रसाद घरी नेतो," आणि गेला.

दुसऱ्या दिवशी गाडी वाडीतून टो करून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेली. काउंटरवरच्या मुलीने नंबर टाकला आणि म्हणाली, "काका, हे आम्ही आधीच सांगितलं होतं. दुसरा क्लच झिजलाय, बदलायला लागेल. कस्टमरने तेव्हा काम नको सांगितलं." तिने स्क्रीन माझ्याकडे वळवला. मुलाने किल्ली माझ्या हातात ठेवली त्याच्या तीन आठवडे आधीची नोंद होती. खाली त्याचा फोन नंबर.

मुलाने नाकारलं नाही. सोफ्यावर बसून शांतपणे म्हणाला, "काम महाग होतं, बाबा. एकाकडून सगळे फॉल्ट पुसून डॅशबोर्डवरची लाइट घालवून घेतली. तुम्ही कितीशी चालवणार होतात? ठाकूरद्वार ते दादर. तेवढ्यात चालली असती."

"आणि तो? पूजेला मी त्याला काय बोललो ते तू ऐकलंस. बाजूला उभा होतास."

"बोललात तुम्ही. मी नाही."

तो नमस्कार मला आठवत राहिला. वाकताना त्याला सगळं माहीत होतं. गाडीचं मी मनातून काढून टाकलं असतं. पण आपल्या बापाच्या तोंडून निघालेलं खोटं तो बाजूला उभा राहून ऐकत होता, हे मला काढून टाकता येईना. आणि तरीही मी वाडीत काही सांगितलं नाही. लोक काय म्हणतील, सुनेला काय वाटेल, पोराचं नाव खराब होईल. म्हणजे मुलाने मला जसं वापरलं, तसं मी मित्राला वापरलं, आणि त्याच्यापेक्षा जास्त दिवस. वाडीतल्या सहा गाड्या एकेक करून दुसरीकडे जायला लागल्या. पुढे माझं बोलणं परळपर्यंत पोचलं, तिथली त्याची इतर गिऱ्हाइकंही कमी झाली, आणि त्याने गॅरेज बंद केलं.

दोन वर्षांनी मी लालबागला त्याच्या घरी गेलो. सगळं सांगितलं. तो ऐकत होता, मधे एकदा उठून त्याने पंखा वाढवला.

"मला कशाला सांगतोस? मी काय केलं न केलं ते मला ठाऊक आहे."

"मग काय करू?"

"ज्यांना खोटं सांगितलंस त्यांना खरं सांग. आणि रडू नको इथे, बायको चहा आणतेय."

मी त्या घरांची दारं वाजवायला निघालो. पहिल्या दारात म्हणालो, "गाडीत आधीच दोष होता, माझा गैरसमज झाला." जिना उतरताना कळलं, मुलाला मी पुन्हा झाकलं. परत वर गेलो आणि पूर्ण सांगितलं. त्या घरच्या बाई म्हणाल्या, "अहो, आम्ही तर विसरलो पण." दुसऱ्या घरी मला बसवून पाणी दिलं आणि विषय बदलला. तिसऱ्या घरी तोंडावर म्हणाले, "आता सांगताय?" चौथ्या घरच्या माणसाने मित्राचा नंबर मागितला. मी सांगितलं, गॅरेज बंद झालंय.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. "बाबा, दारोदार फिरून माझी बदनामी करताय?" मी म्हणालो, "जे झालं ते सांगतोय." त्यानंतर तो सणावाराला येतो, आईशी बोलतो. माझ्याशी कामापुरतं.

दोन घरं राहिली. एक कुटुंब त्याआधीच घर विकून गेलं होतं, कुठे ते कोणाला नीट माहीत नाही. दुसऱ्या घरचे गृहस्थ तोवर वारले होते, आणि माझा मित्र लबाड आहे असं समजूनच वारले. ते एकटेच राहायचे, बाहेरगावी असलेल्या त्यांच्या मुलांना मी ओळखत नाही. त्यांच्यापैकी कोणाच्या हातात हे पडलं, तर म्हणून लिहिलं. गाडी आधीच बिघडलेली होती. माझ्या मुलाला ते माहीत होतं. माझ्या मित्राने मला खरं सांगितलं, आणि मी त्याला सगळ्यांसमोर लबाड ठरवलं.