फाळक्याची उंची

पाच फूट उंचीच्या माणसाला ‘ताडमाड’ म्हणणारे लोक आम्ही. नाव कुणी पाडलं ते आता कुणालाच आठवत नाही, पण गॅस एजन्सीत, वरच्या वस्तीवर, माझ्या गॅरेजात, सगळीकडे तो ताडमाडच. बायको तेवढी ‘अहो’ म्हणायची. त्याला राग नव्हता. कुणी नवखा माणूस नाव ऐकून मान वर करून शोधायला लागला, की हाच म्हणायचा, खाली बघा, इथं आहे.

बावीस वर्षं त्याने एकाच मालकाची पिकअप चालवली. गाड्या तीन झाल्या, मालक एकच. सकाळी डेपोत चाळीस भरलेले सिलिंडर गाडीत चढवायचे, डोंगरावरच्या वस्तीत घरोघर पोचवायचे, रिकामे गोळा करून परत आणायचे. ड्रायव्हर तोच आणि हमालही तोच. मालक चारचौघांत सांगायचा की माझा ताडमाड म्हणजे एकटा दोन माणसांचं काम करतो. पगार मात्र एकाचाच द्यायचा, हे सांगायचा नाही.

त्याचं सिलिंडर चढवणं बघण्यासारखं होतं, आणि मी ते कितीतरी वेळा बघितलंय, कारण डेपो माझ्या गॅरेजच्या समोरच आहे. सिलिंडरच्या कड्याला दोन्ही हात, तो जरा तिरका करायचा, उजवा गुडघा मागून लावायचा, गुडघ्यावरून मांडीवर, मांडीवरून कमरेला एक झोल, की सिलिंडरचं बूड उघडलेल्या फाळक्याच्या, म्हणजे हौद्याच्या मागच्या झडपेच्या, कडेवर टेकलंच. मग नुसतं आत सरकवायचं. पिकअपचा फाळका बरोब्बर त्याच्या कमरेला लागायचा. आमच्यातले धिप्पाड लोक वाकून वाकून पाठ धरून बसले आणि हा ठेंगू बावीस वर्षं तसाच. हातानं उचलतो तो गाढव, कमरेनं उचलतो तो हमाल, असं तो म्हणायचा. त्याच्या प्रत्येक पँटीला उजव्या मांडीवर ठिगळ असायचं, वहिनी नवी पँट आणली की घालायच्या आधीच तिथं जाड कापड शिवून टाकायच्या.

वस्तीच्या रस्त्यावर मधोमध एक खडक वर आलाय. त्याला सगळे कासव म्हणतात. आधीच्या दोन गाड्या त्यावरून जायच्या, ही तिसरी जरा बसकी निघाली. भरली की मागचा गोळा, म्हणजे एक्सलच्या मधला तो लोखंडी गड्डा, कासवावर घासायचा. एक दिवस ती अशी अडकली की पुढेही जाईना, मागेही येईना. ताडमाडने चाळीसच्या चाळीस सिलिंडर उतरवले, वस्तीतल्या लोकांनी दोर लावून गाडी ओढली, मग याने चाळीस पुन्हा चढवले. खाली आल्यावर मालकाने सगळ्यांसमोर विचारलं, बावीस वर्षं झाली, अजून रस्ता कळत नाही का? तो मान खाली घालून उभा राहिला. मी पलीकडून बघत होतो, माझी तळपायाची आग मस्तकात गेली. बोललो मात्र काही नाही. माझी सगळी आग मस्तकातच राहते, तोंडापर्यंत कधी येत नाही.

दोन दिवसांनी मालकाला बहुतेक स्वतःचीच लाज वाटली. त्याने ताडमाडला बोलावून सांगितलं, की गाडी उंच करून घे, टायर मोठे टाक, मिस्त्रीकडे जा आणि काय बसवायचं ते तूच ठरव. तूच चालवतोस, तुझ्यापेक्षा जास्त कुणाला कळणार.

बस्स. एवढं एक वाक्य. बावीस वर्षांत त्या माणसाला चहात साखर किती हेसुद्धा कुणी विचारलं नव्हतं, आणि आता अख्खी गाडी त्याला विचारून होणार होती. हुरळली मेंढी आणि लागली लांडग्याच्या मागे. दुसऱ्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याकडे आला. गॅरेजात, इस्त्रीचा शर्ट. मी त्याची भरपूर खेचली.

तीन दिवस तो रोज येत होता. मी त्याला समजावून सांगितलं: एक्सल आणि त्यावरचे स्प्रिंगचे पाटे यांच्यामध्ये लोखंडी ठोकळे घालायचे, पुढे उंच स्प्रिंगा, की गाडीचं सगळं अंग वर उठतं. अंग उठलं की मोठा टायर मडगार्डला न घासता बसतो. माझ्याकडे दोन किट होते. एक दोन इंचाचा, त्याच्याबरोबर जरासे मोठे टायर, मिळून गाडी तीन इंच वर. दुसरा चार इंचाचा, त्याच्याबरोबर दांडगे, रांगड्या नक्षीचे टायर, मिळून अर्धा फूट वर.

आता खरं सांगतो. किटने अंग उचललं जातं, गोळा उचलला जात नाही. गोळा एक्सलवर असतो, आणि एक्सल वर येतो तो फक्त टायरने. मी स्वतः वर जाऊन कासव मोजून आलो होतो. बोटभर जागा कमी पडत होती, बोटभर. छोट्या किटच्या टायरने ती मिळत होती. चार इंचाचा किट घालणं म्हणजे दुखणं रेड्याला आणि औषध पखालीला. हे मला माहीत होतं, आणि माझ्याशिवाय तिथं कुणालाच माहीत नव्हतं.

तो मला सगळं विचारायचा. वळणावर कलंडेल का, डिझेल जास्त पिईल का, ब्रेक पुरतील का, जुन्या स्टेपनीचं काय करायचं. गाडीखाली सतरंजी टाकून, टॉर्च घेऊन तासतासभर पडायचा. गाडीबद्दल एक प्रश्न सोडला नाही. स्वतःबद्दल एकही विचारला नाही. आणि मी, ज्याने टेप लावून मडगार्ड मोजला, चासी मोजली, खडकसुद्धा मोजला, मी एकदाही फाळका मोजून त्या माणसाच्या अंगाला लावून बघितला नाही.

तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "मिस्त्री, मला काही सुधरत नाही. तुझी गाडी असती तर तू काय घातलं असतंस?"

चार इंचाचा किट माझ्या कोपऱ्यात वर्षभर पडून होता. कुणीतरी मागवला आणि न्यायला आलाच नाही. पण नुसतं ते कारण नव्हतं. मी तसा किट कधी बसवलाच नव्हता. जन्मभर लोकांच्या पंक्चर, क्लचप्लेटा आणि गळके सायलेन्सर केले. एक तरी गाडी माझ्या दारातून अशी निघावी की रस्त्यावरच्या माणसाने वळून बघावं, असं मला वाटत होतं. हौस माझी होती.

"चार," मी म्हणालो.

त्याने लगेच मान डोलावली. चार म्हणजे चार, मिस्त्री सांगतो तर चार.

बसवायला दोन दिवस लागले. गाडी जॅकवरून खाली उतरवली तेव्हा रस्त्यावर माणसं खरंच थांबली. ताडमाड तिच्याभोवती दोनदा फिरला, टायरवर हात फिरवला, मग मागे येऊन त्याने फाळका उघडला. तो आडवा झाला आणि त्याची कड याच्या छातीजवळ आली. त्याने कडेवर हात टेकून बघितला. मग हसला, म्हणाला, आता नावाप्रमाणे उंच व्हायला पाहिजे. मीही हसलो. हसू आलं ते आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेपोत मी त्याला बघितलं. कड्याला हात, गुडघा, मांडी, कंबर, झोल, आणि सिलिंडर फाळक्याच्या खालीच आपटला. मग तो हाताने उचलायला लागला. तो, हातानं. पंधरा सिलिंडर झाल्यावर त्याचे खांदे थरथरताना मला रस्त्याच्या या बाजूने दिसत होते. तिसऱ्या दिवशी त्याने लाकडी खोकं आणलं आणि त्यावर उभा राहून चढवू लागला, खोकं मोडलं. मग फळी आणली, फळीवरून सिलिंडर लोटत नेऊ लागला. अर्ध्या तासाचं काम दीड तासावर गेलं आणि मागच्या गाड्यांचे ड्रायव्हर हॉर्न वाजवून शिव्या घालू लागले. वरही तेच, प्रत्येक दारात फळी टाका, फळी उचला. दुसऱ्या आठवड्यात वहिनी माझ्याकडे कमरेच्या पट्ट्याचं दुकान विचारायला आल्या. रात्री कुशीवर वळता येत नाही म्हणाल्या, आणि गाडी कशी झाक झालीय ते मात्र रोज सांगतात.

शेवटी तो आला. हे खाली घेता येईल का, असं विचारताना माझ्याकडे बघत नव्हता. मी म्हणालो, एका दिवसाचं काम आहे, छोटा किट माझ्याकडे आहे, मला काही द्यायचं नाही. पण गाडी मालकाची. मालकाला विचारायला हवं. मी येतो बरोबर, म्हणालो.

मालकाच्या ऑफिसात टेबलामागे नवा फोटो लागला होता. ती उंच पिकअप, आणि टायरवर कोपर टेकून उभा मालक. गाडीच्या दोन्ही दारांवर एजन्सीचं नाव रंगवून झालं होतं. ताडमाडने अडखळत सांगितलं की फाळका फार वर गेलाय, भरायला त्रास होतो, जरा खाली घेतली तर बरं. मालक शांतपणे ऐकत होता. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"तूच निवडलंस ना?" तो म्हणाला. "मी तर तुझ्यावरच सोडलं होतं."

ताडमाड म्हणाला, हो, मीच.

आपलेच दात आपलेच ओठ. मालक आणखी थोडं बोलला, की त्या गाडीमुळे एजन्सीचं नाव झालंय, दोन हॉटेलं नवीन लागली, लोक तिच्याबरोबर फोटो काढतात, आता ती खाली करून काय हसं करून घ्यायचं. मी शेजारीच उभा होतो. चार मी सांगितलं, हे तीन शब्द माझ्या जिभेवर होते. तोंडात मूग धरून उभा राहिलो.

बाहेर आल्यावर मला फार शौर्य चढलं. त्याला म्हणालो, मी मालकाला सांगतो की किट धोक्याचा आहे, एक्सलला तडा जातोय, उतरवलाच पाहिजे. मालक घाबरेल आणि देईल काढायला. ताडमाडने सरळ नाही म्हटलं. वर एकदाही घासली नाही, म्हणाला, कासवावरून अशी जाते की ग्लासातलं पाणी हलत नाही. चांगल्या गाडीवर खोटा आळ घ्यायचा नाही.

महिन्याभरात मालकाचा भाचा आला. सहा फूट उंच, काम शोधत होता. आठ दिवस ताडमाड त्याच्या शेजारी बसून त्याला रस्ता दाखवत होता, कुठल्या घरात कुत्रं सुटं असतं, कुठल्या आजीच्या शेगडीला सिलिंडर आपण जोडून द्यायचा, सगळं. गाडीत चढताना भाचा वरून हात द्यायचा आणि हा तो हात धरून वर यायचा. नवव्या दिवसापासून गाडी भाच्याकडे गेली आणि मालकाने ताडमाडला डेपोच्या फाटकावर खुर्ची दिली. मी कुणाला वाऱ्यावर सोडत नाही, असं तो सगळ्यांना सांगत होता. काम काय, तर सकाळी ती पिकअप आली की फाटक उघडायचं आणि गेली की लावायचं. वस्तीवरची माणसं सुरुवातीला भाच्याजवळ निरोप पाठवायची, ताडमाडला वर या म्हणावं एकदा. भाचा निरोप सांगायचा. पुढे निरोप बंद झाले.

सहा महिन्यांनी मालकाने दुसरी पिकअप घेतली. जुन्या उंच गाडीवर त्या दिवशी बदली माणूस होता; ही नवी घेऊन मालक थेट माझ्या दारात आला, भाचा चालवत होता, आणि मागे हौद्यात ताडमाड बसलेला. तोच किट हवा, तेच टायर, मालक म्हणाला. आणि याला मुद्दाम आणलंय, याला त्यातलं कळतं, एकदा नजर टाकेल. हे तो चेष्टेत म्हणत नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की आपण या माणसाला मान देतोय.

ताडमाड हौद्यातून बेताने उतरला. गाडीखाली गेला नाही. फाळका उघडला, त्याला कंबर लावून उभा राहिला आणि म्हणाला, दोन इंच. त्याहून जास्त नको. भरणारा माणूस कोण येईल सांगता येत नाही.

मालक हसला. अरे, तेव्हा चार म्हणालास, आता दोन? स्वतःच्या मापाने गाड्या बनवायच्या काय? भाचाही हसला. मग मालक माझ्याकडे वळला. मिस्त्री, तुम्ही सांगा.

आणि मी सांगितलं. सगळं सांगितलं. की किटने गोळा वर येत नाही, टायरने येतो. की बोटभरच जागा लागत होती. की तेव्हाही दोनच पुरे होते, आणि चार मी सांगितले, याने नाही. किट माझ्याकडे पडून होता आणि मला हौस होती. इतकं एका दमात मी जन्मात बोललो नसेन. मालकाचं तोंड उतरलं. तो म्हणाला, मग तुमच्यावर विश्वास तरी कसा ठेवायचा. भाच्याला म्हणाला, चल, गावात दुसरी गॅरेजं आहेत. गाडी वळवून दोघे निघून गेले. ताडमाडला चल म्हणायचंही त्यांना सुचलं नाही.

मी त्याच्याकडे बघितलं. खोटं कशाला बोलू, मला वाटलं होतं तो खांद्यावर हात ठेवेल. निदान चहा सांग म्हणेल.

त्याने शर्टाला लागलेली धूळ झटकली.

"मिस्त्री," तो म्हणाला, "हे त्या दिवशी बोलायला काय झालं होतं तुला?"

मग तो रस्ता ओलांडून फाटकावर गेला. उंच गाडी वस्तीवरून परत यायची वेळ झाली होती.